नाव कुठेच नव्हतं

औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण फळीवरून घरंगळलं आणि फरशीवर टक् टक् टक् करत पलंगाखाली गेलं.

दुपारचे अडीच वाजले होते. त्या शांततेसाठी मी सकाळपासून खपले होते. गोष्ट सांगून झाली होती, पाठ थोपटून झाली होती, पडदे ओढून झाले होते, दाराच्या बेलवर ‘वाजवू नका’ अशी चिठ्ठीसुद्धा चिकटवून झाली होती. झाकण एवढंसं, पण त्याने घात केला. भुंगी डोळे न उघडताच खोकायला लागली.

भुंगी माझी मुलगी, साडेचार वर्षांची. सदानकदा गुणगुणत असते म्हणून भुंगी. नाक चोंदलं तरी झोपेत तिची एका सुरात गुणगुण चालू असते. मी तिला उठून बसवलं, पलंगाखाली हात घालून झाकण शोधलं, धुतलं, औषध मोजलं.

“कडू आहे,” तिने घेण्याआधीच सांगितलं.

“गोड आहे, लबाडे.”

“गोड आहे, पण कडू आहे.”

तिने ते गिळलं, माझ्याच बाहीला तोंड पुसलं आणि पुन्हा झोपली. मी इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. लॅपटॉप तिथेच असतो. बसले तर मलाही झोप लागते.

मी कायद्याच्या कॉलेजात खेळांचा कायदा शिकवते. लोक हे ऐकून आधी हसतात. लग्न ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “खेळात कसला गं आलाय कायदा? हरलं की घरी यायचं.” विद्यार्थी माझ्यामागे मला शिट्टीबाई म्हणतात. मला ते माहीत आहे आणि मनातून आवडतं. शिवाय दर पंधरवड्याला मी एका वर्तमानपत्रात लेख लिहिते. कोणावर बंदी का आली, करारात खेळाडू कुठे फसतो, पंचाविरुद्ध दाद कुठे मागायची, असं सगळं सोपं करून. गेली चार वर्षं माझा प्रत्येक लेख दीड तासाचा आहे. त्यापुढे भुंगी उठते.

त्या दुपारी मी एका सुनावणीवर लिहीत होते. पंधरा वर्षांची एक मुलगी, पोहणारी. शर्यतीनंतरच्या चाचणीत तिच्या शरीरात बंदी असलेलं द्रव्य सापडलं होतं. सुनावणी बंद दाराआड झाली. अभ्यासक म्हणून मला कोपऱ्यात बसायची परवानगी मिळाली, ती एका कागदावर सही घेऊन: खेळाडूचं नाव, वय, क्लब, गाव छापणार नाही.

या कायद्याचा पहिला नियम मी वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते. जे खेळाडूच्या शरीरात सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. कुणी दिलं, का दिलं, ते नंतर. त्या मुलीला दिलं होतं तिच्या आईने. शर्यतीच्या आदल्या दिवशी पोरगी खोकत होती, घरात बाटली होती, दोन चमचे पाजले. आई कपडे शिवायचं काम करते. खुर्चीच्या अगदी कडेवर बसून ती समितीला म्हणाली, “चमचे मी पाजलेत. मग शिक्षा मला द्या ना. तिला कशाला?”

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. ते हळूच म्हणाले, “बाई, पोहते ती.”

मग तिने मांडीवरची कापडी पिशवी उघडली. आतून मुलीचा पोहण्याचा कॉस्च्युम काढून टेबलावर पसरला. क्लोरीनने पाठीवरचं कापड विरून जाळीदार झालं होतं. तेवढं कापून काढून तिने तिथे पिवळी पट्टी जोडली होती. टाके इतके बारीक, की हात फिरवला तरी लागू नयेत. “साहेब, लबाडीने जिंकायचं असतं तर आधी नवा घेतला नसता का?”

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. बंदी आली नाही. फक्त समज दिली, आणि खेळाडू अल्पवयीन असल्यामुळे नाव जाहीर करू नये असा आदेश.

माझा लेख तयार होता. कलमं, पुरावा, निकालाचं महत्त्व. नीटनेटका आणि कोरडा ठणठणीत. भुंगीला औषध पाजून परत आले तेव्हा बोटं चिकट होती. कळफलकावर ती चिकटत होती. आणि मी सगळ्यात वर एक वाक्य घातलं:

‘ज्या आईने लेकीच्या झिजलेल्या कॉस्च्युमच्या पाठीवर पिवळी पट्टी जोडली, त्याच आईने तितक्याच मायेने तिला दोन चमचे औषध पाजलं. कायद्याला यातली दुसरीच गोष्ट दिसते.’

वाचलं, पुन्हा वाचलं. खरं सांगते, इतकं चांगलं वाक्य मी त्याआधी लिहिलं नव्हतं.

संपादकांचा फोन आला. “प्राध्यापक, डोळ्यांत पाणी आणलंत. कायद्याने ठीक ना सगळं? नाहीतर उद्या मलाच त्या समितीपुढे बसवाल.”

“नाव नाही, वय नाही, क्लब नाही, गाव नाही. हेच शिकवून पोट भरते मी.”

“मग सोडतो छापायला.”

लेख गाजला. ओळखीपाळखीचे फोन आले. सासूबाईंनी कात्रण काढून ठेवलं. मी तर त्याच्या पस्तीस प्रती काढून वर्गात वाटल्या. वर मथळा दिला: ‘ओळख उघड न करता वृत्तांत कसा लिहावा: नमुना.’ परीक्षेला त्यावर प्रश्न येणार असंही सांगून ठेवलं.

*

चार महिन्यांनी प्रशिक्षकांच्या एका शिबिरात मला नियम समजावायला बोलावलं. तीस-पस्तीस प्रशिक्षक, गळ्यात शिट्ट्या, हातात चहाचे कागदी कप. भाषण संपल्यावर एक ठेंगणे गृहस्थ माझ्याजवळ आले. डोळे लाल, पायात रबरी चपला. अंगाला क्लोरीनचा वास, पोहणं शिकवणाऱ्यांना तो कायमचाच असतो.

“मॅडम, तुमचा तो औषधाचा लेख मी आमच्या बोर्डावर लावला होता.”

मी हसून मान लववली.

“पोरांना रांगेत उभं करून मोठ्याने वाचूनही दाखवला. म्हटलं, शिका जरा, न विचारता काही घेत जाऊ नका.” ते कपातल्या चहाकडे बघत होते. “सुरुवातीलाच ते वाक्य होतं. पिवळ्या पट्टीचं. अर्ध्यावर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण वाक्य सुरू केलं होतं हो, मध्येच कसं थांबणार? आणि वर मान केली तर चाळीस पोरांच्या माना तिच्याकडे वळलेल्या.”

“ती तुमच्याकडे...”

“दुसऱ्या रांगेत उभी होती. तोच कॉस्च्युम घालून.”

माझ्या हातातला कप मी खुर्चीवर ठेवला आणि नंतर त्याच खुर्चीवर बसायला निघाले. त्यांनीच कप उचलला.

“पोरं म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. ‘सिरप’ म्हणायला लागली तिला. ओरडलो, दोघांना घरी पाठवलं. मग नवीनच. ती उडी मारायला कट्ट्यावर उभी राहिली की आख्खी रांग खोकायची. खोकण्यावर काय कारवाई करणार? आठ दिवसांनी ती यायची बंद झाली.” त्यांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. “तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी. नाव कुठेच नव्हतं. वाचून तर मीच दाखवलं.”

“तिने पूर्ण सोडलं?”

“निवड चाचणीची यादी महिनाअखेरीला पाठवायची आहे. तिचं नाव मी अजून खोडलेलं नाही. आई आमच्या तलावाच्या मागच्या गल्लीत शिवते. दोनदा जाऊन आलो. पोरगी मान वर करत नाही.”

पट्टी खरं तर पिवळी नव्हती. इथे लिहिताना मी रंग बदलला आहे, तिचं वयही. तेव्हाही एवढंच करायचं होतं.

*

घरी येऊन मी खुलासा लिहायला घेतला. भुंगी झोपली होती, दीड तास हातात होता. ‘या सदरातील एका तपशिलामुळे एका अल्पवयीन खेळाडूची ओळख उघड झाली, त्याबद्दल मी...’ पुढे जाईना. संपादकांना फोन लावला.

“छापा म्हणालात तर छापतो,” ते म्हणाले. “पण प्राध्यापक, विचार करा. आज हे एका तलावापुरतं आहे. खुलासा आला की ज्यांनी लेख विसरून टाकला तेही जुना अंक शोधतील. कोणती मुलगी, कुठला तपशील. तुम्हीच मला एकदा सांगितलं होतंत, लपवलेल्या नावाची माफी मागणं म्हणजे ते नाव पुन्हा छापणं.”

सांगितलं होतं. हेसुद्धा वर्गात शिकवते मी.

“मग मी काय करू?”

“ते मी कसं सांगू? कायद्याचं माणूस तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर पहिल्या बाकावरच्या मुलाच्या वहीतून त्या नमुन्याची प्रत डोकावत होती. त्याने ते वाक्य हिरव्या शाईने अधोरेखित केलं होतं. मी त्याच्याकडे प्रत परत मागितली. “का मॅडम? परीक्षेला आहे ना?” मी म्हटलं, “चूक आहे त्यात.” सगळे चूक शोधायला लागले. पस्तीस हुशार मुलं, पंधरा मिनिटं. एकालाही सापडली नाही. सापडणार कशी? नियमाप्रमाणे ती चूक नव्हतीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी मी समितीला बंद पाकिटात सगळं लिहून कळवलं. सदर थांबवलं. आणि तरीही रोज भुंगीला जवळ घेतलं की कानात खोकणारी रांग ऐकू यायची.

*

तलावामागच्या त्या गल्लीत मी गेले ती गुरुवारी. घरी कुणी नव्हतं म्हणून भुंगीला बरोबर घ्यावं लागलं. आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तिला सैल होणारा एक फ्रॉक घेतला.

तलावाच्या भिंतीला पाठ लावून ते दुकान होतं. अर्धं शटर, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे, मशीनच्या तेलाचा वास आणि भिंतीपलीकडून येणारा क्लोरीनचा. पलीकडे शिट्टी वाजली की इथे ऐकू यायची. टेलरबाई मशीनवर होत्या. खाली स्टुलावर ती मुलगी बटणं लावत बसली होती. लांब हात, रुंद खांदे. त्या एवढ्याशा स्टुलावर तिला स्वतःला घडी करून बसावं लागलं होतं.

“या ना,” टेलरबाईंनी फ्रॉक हातात घेतला, मग माझ्याकडे निरखून पाहिलं. “तुम्ही त्या कोपऱ्यातल्या ना? वही घेऊन बसलेल्या? कायद्याच्या मॅडम!”

“हो.”

“बघ गं, कोण आलंय,” त्या मुलीला म्हणाल्या. मुलीने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, नको इतका वेळ. लेखावर माझा फोटो असतो, तिकिटाएवढा. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तिने पुन्हा सुईत डोळे घातले.

“बरं झालं आलात. मला कुणाला तरी विचारायचंच होतं.” टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. “पेपरवाल्यांवर काही करता येतं का हो?”

“काय झालं?”

“त्या बंद खोलीतलं सगळं पेपरात आलं. चमचा, औषध, पट्टी. मी वाचलं नाही, माझ्याने वाचवेना. पण अख्ख्या तलावाला कळलं. आणि सांगितलं कुणी, तर घरच्याच माणसाने! जाऊबाई माझ्या. त्या पट्टीचं कापड तिच्याच उरलेल्या तुकड्यातलं, शिवताना बघितलं फक्त तिने. तिला कुठे काय बोलावं याचा पाचपोच नाही पहिल्यापासून. तिच्या भाचीचा नवरा छापखान्यात आहे, तिथूनच गेलं असणार. चार महिने झाले, मी तिचं तोंड बघितलेलं नाही. समोरासमोरची दारं आमची.” त्यांनी धागा दाताने तोडला. “ती रडून सांगते, मी नाही, मी नाही. चोर कधी हो म्हणतो का?”

मी सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि त्यातून आलं, “मी... बघते काय करता येतं ते.”

स्टुलावरची सुई थांबली. मग पुन्हा चालायला लागली.

भुंगीला या कशाचं काही नव्हतं. ती त्या मुलीपाशी उकिडवी बसून बटणांचे रंग लावत होती आणि गुणगुणत होती. “ताई, तू भिंतीपलीकडे जातेस? तिथे पाण्याचा आवाज येतो.”

“जायचे.”

“मला बाबा घेऊन जाणार आहे. पण मला डोळ्यांत पाणी गेलेलं आवडत नाही.”

मुलगी उठली, कोपऱ्यातल्या पिंपातून वाडगाभर पाणी घेऊन आली. “तोंड घाल यात. नाक बाहेर नको, सगळं. आणि डोळे उघडे ठेव.”

“भीती वाटते.”

“पाण्यात भीती नसते,” ती म्हणाली. “मी सांगते ना. पाण्यात कुणाचा आवाजपण येत नाही. आता तोंडाने फू कर.”

भुंगीने तोंड घातलं. वाडग्यात बुडबुड झालं. ती ओल्या तोंडाने, डोळे विस्फारून वर आली, “दिसलं! मला वाडग्याचा तळ दिसला!” मुलगी हसली. चार महिन्यांत पहिल्यांदाच हसली असावी, कारण तिची आई मशीन थांबवून तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून, डोळ्यांनीच, बघा असं म्हणाली. जणू ते हसू मी आणलं होतं.

“सोमवारी या,” टेलरबाई म्हणाल्या. “फ्रॉक होईल तयार.”

*

सोमवार महिन्याचा शेवटून दुसरा दिवस होता. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. वर्गात, सुनावणीत, कागदावर माझी वाक्यं कधी अडत नाहीत. भुंगी बोट धरून चालली होती आणि गाल फुगवून श्वास धरायचा सराव करत होती. दर चार पावलांनी फुस्स.

दुकानात गेल्या गेल्या मी बसलेसुद्धा नाही. “तो लेख मी लिहिला होता,” म्हणाले.

मशीन चालूच राहिलं. टेलरबाईंना वाटलं असावं, मी कुठल्या तरी दुसऱ्या लेखाबद्दल बोलतेय.

“पेपरातला. पट्टीचं, औषधाचं. तुमच्या जाऊबाईंनी काही सांगितलेलं नाही. मी तिथे बसले होते, मी बघितलं, मी लिहिलं. नाव लिहायचं नाही अशी सही केली होती, ते पाळलं. बाकी सगळं लिहिलं.”

मशीनचं चाक त्यांनी हाताने धरून थांबवलं.

“तुम्ही?”

“मी.”

“मग गुरुवारी का नाही बोललात?”

“घाबरले.”

पलीकडे शिट्टी वाजली. कुणीतरी पाण्यात पडलं, लागोपाठ दुसरं. मी पिशवीतून पाकीट काढलं. “समितीला मी कळवलंय. तुम्हाला माझ्यावर तक्रार करायची असेल तर कशी करायची, ते यात लिहून आणलंय. सहीनिशी कबुली आहे.”

त्या कोरडं हसल्या. “म्हणजे घर फोडायचं, आणि मग चौकीचा पत्ताही तुम्हीच सांगायचा.” पाकीट त्यांनी घेतलं, न उघडता मशीनवर ठेवलं. बराच वेळ त्या कापडावरच्या खडूच्या रेघेवरून बोट फिरवत राहिल्या. “पण तो कॉस्च्युम पिशवीतून बाहेर काढला कोणी? मीच ना? कुणी सांगितलं होतं मला? शिवलेलं दाखवायची हौस माझी. औषधही मीच पाजलं आणि तमाशाही मीच...”

“आई,” मुलगी स्टुलावरून म्हणाली. “पुरे.”

“नाही गं, खरंच...”

“म्हणूनच सांगितलं नव्हतं मी!” ती उभी राहिली. मांडीवरची बटणं सांडून चहूकडे पळाली. “बोर्डावर फोटो होता यांचा. पहिल्या दिवसापासून माहितीये मला. तुला सांगितलं असतं तर तू हेच म्हणणार होतीस. माझं चुकलं, माझं चुकलं. औषधाच्या वेळी पंधरा दिवस तेच ऐकलं मी.”

टेलरबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. “तुला माहीत होतं? आणि मी काकूला नको नको ते बोलले, ते ऐकत बसलीस?”

मुलगी सांडलेल्या बटणांकडे बघायला लागली. पंधरा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर मी माझाच चेहरा बघितला. मग ती माझ्याकडे वळली.

“तुम्हाला बरं वाटलं ना आता?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आणि त्यातली शरमेची गोष्ट अशी, की हो, वाटलं होतं. ‘मी’ म्हणाले त्या क्षणी छातीवरचं ओझं उतरलं होतं. ते उतरून कुठे गेलं, ते मात्र आता समोर दिसत होतं.

“उद्या यादी जाते,” मी म्हणाले. “सरांनी तुझं नाव...”

“माहितीये.”

“तिथे मी येऊन सगळ्यांसमोर सांगते. माझी चूक होती म्हणून.”

“सगळ्यांसमोर?” ती म्हणाली. “पुन्हा?”

इतकं साधं, उलटतपासणीतलं वाक्य होतं ते.

टेलरबाई उठल्या. डोळे पदराला पुसले, मशीनवर कव्हर घातलं, दिवा मालवला. मला वाटलं, आता जा म्हणतील. त्यांनी फळीवरून भुंगीचा फ्रॉक काढला, झटकला, तिच्या अंगाला लावून बघितला. “दोन बोटं आत दुमडून ठेवलंय. उसवलं की पुढच्या वर्षीही होईल. वाढती पोर आहे.” आणि घडी करून माझ्या हातात दिला. माफ केलं असं त्यात काही नव्हतं. रागही नव्हता. काम नीट करून दिलं होतं, एवढंच. त्या क्षणी त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांच्या पाया पडले असते.

“मी जाऊबाईंकडे जाऊन येते,” त्या मुलीला म्हणाल्या. “तूही चल. आधी तिथे माफी. बाकीचं मग.”

“आणि उद्या?” मी विचारलं. विचारायचा अधिकार नव्हता, तरी.

“उद्याचं ती बघेल,” त्यांनी शटर ओढायला घेतलं. “पोहते ती.”

न्यायाधीशांचेच शब्द होते ते. शटर खाली येता येता मला दिसलं, दारामागच्या खिळ्याला ती कापडी पिशवी तशीच टांगलेली होती. मुलीने निघताना तिच्याकडे पाहिलं. काढली नाही.

दोघी गल्लीच्या टोकाकडे गेल्या, आई पुढे, लेक चार पावलं मागे. आम्ही उलट्या दिशेला, तलावाच्या भिंतीकडेने निघालो. भिंत उंच, वरून फक्त आवाज येत होते: शिट्टी, पाण्याचा फटकारा, कुणाचं तरी ओरडणं. भुंगी गुणगुणत नव्हती. फ्रॉक तिने कवटाळून धरला होता, आणि फ्रॉकच्या खिशात, नंतर मला सापडलं, तिने फरशीवरून उचललेलं एक बटण होतं.

“आई, ताई रडत होती?”

“थोडीशी.”

“तू तिला सॉरी म्हणालीस?”

मी आठवून पाहिलं. मी कबुली दिली होती, पाकीट दिलं होतं, कलम सांगितलं होतं. “नाही गं. ते राहिलंच.”

तिने यावर विचार केला. गाल फुगवले, श्वास धरला, भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत तसाच धरून ठेवला. मग फुस्सकन सोडून माझं बोट ओढत थांबली. भिंतीपलीकडे पुन्हा कुणीतरी उडी मारली.

“आई, पाण्यात भीती नसते असं ताईच म्हणाली ना? मग ती पाण्यात का जात नाही?”